तासभर चालवून घेतलेला लॅपटॉप

लॅपटॉप घ्यायला निघताना दादू मिस्त्रीने खिशात एक सुती चिंधी घातली. समीक्षाने, म्हणजे त्याच्या सुनेने, ती बघितली आणि हसून विचारलं, दुकानातल्या कोऱ्या यंत्राला पुसायचं काय असतं? दादू म्हणाला, चिंधी हात पुसायला हाय. घामेजलेल्या तळव्याला ताप कळत नाही. चाळीस वर्षं पूर्णगडच्या बोटींची इंजिनं त्याने अशीच जोखली होती. आधी हात कोरडा करायचा, मग तो इंजिनावर ठेवायचा.

लॅपटॉप हवा होता नातीला. आरोही एकोणीस वर्षांची, रत्नागिरीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. ती कॉम्प्युटरवर खेळायची आणि तो खेळ काही वेळ घालवायचा नव्हता. एका बाजूला पाच जणी, समोर दुसऱ्या पाच, प्रत्येक मुलगी आपापल्या गावात आपापल्या खोलीत बसलेली, आणि पडद्यावरच्या एकाच रानात सगळ्या एकमेकींच्या मागावर. पुण्याच्या एका संघाने तिला चाचणीला बोलावलं होतं. पहिले दोन तास ती अशी खेळली की कप्तान दिशा तिचं नाव घेऊन शाबासकी द्यायला लागली. तिसऱ्या तासाला तिचा लॅपटॉप अडखळला. तो तिच्या बापाने, मुंबईला नोकरीला असलेल्या सर्वेशने, अभ्यासासाठी घेऊन दिलेला होता. असल्या खेळाचं ओझं त्याला झेपणारं नव्हतं. चित्र थिजलं. पडद्यावरची आरोही भिंतीकडे तोंड करून पुतळ्यासारखी उभी राहिली आणि बाकीच्या चौघी तिच्यापायी हरल्या.

दिशा रागावली नाही. तिने एवढंच सांगितलं की येत्या रविवारी आणखी एकदा बघू. पण पुन्हा मशीन बसलं तर आम्हाला दुसरी मुलगी घ्यावी लागेल.

आरोहीने हे घरात सांगितलं तेव्हा दादू पडवीत पंपाचा वॉशर बदलत होता. त्याने पाना खाली ठेवला आणि शुक्रवारी रत्नागिरीला जायचं ठरवून टाकलं. समीक्षा म्हणाली, "बाबा, ती मागेल ते सगळं द्यायचं काय? खेळायलाच हवाय ना?"

"तिने मला शिकवलं तेव्हा माझ्याकडनं फी घेतली काय?" दादू म्हणाला.

ती गोष्ट सगळ्या घराला ठाऊक होती.

दादू शाळेत गेलाच नव्हता. आकडे त्याला यायचे ते पान्यांमुळे. सतरा नंबरचा पाना, एकोणीसचा, चोवीसचा, त्यांच्यावर कोरलेले आकडे बोटांनी चाचपून चाचपून तो ते ओळखायला शिकला. अक्षरं मात्र पान्यावर नसतात, ती राहून गेली. मग कोरोनाचं साल आलं. बोटी वर ओढून ठेवलेल्या, इंजिनं झाकलेली, चौदा वर्षांची आरोही शाळा बंद म्हणून घरात आणि चौसष्ट वर्षांचा दादू काम बंद म्हणून घरात. एका दुपारी ती त्याला किनाऱ्यावर घेऊन गेली आणि बोटींच्या कपाळावरची नावं वाचून दाखवायला लागली. त्या नावांवरून तो मराठी शिकला. आणि बोटींचे जे सरकारी नंबर असतात, त्यांच्या सुरुवातीला इंग्रजी अक्षरं असतात, त्यांवरून तो थोडं इंग्रजीही शिकला. एम तर प्रत्येक बोटीवर. एका होडीचा नंबर वाळूत उलट्या पडलेल्या फळीवर होता, तिथला एम उताणा दिसला, तेव्हा आरोही म्हणाली, आबा, हाच असा उताणा टाकला की डब्ल्यू होतो. ते त्याच्या डोक्यात जे बसलं ते कायमचं.

पहिल्यांदा स्वतःच्या जिवावर एक पूर्ण नाव वाचलं त्या दिवशी तो घरी आला आणि जेवला नाही. समीक्षाला वाटलं अंगात कणकण आहे. त्याला नुसतं गप्प बसून राहायचं होतं, एवढंच.

आता गाडीत आरोहीच्या हातात कागद होता. पावस मागे पडलं तसा तिने तो उघडला आणि आजोबाला समजावून सांगितला. पाच लॅपटॉपांची नावं होती, त्यातल्या चारांवर काट मारलेली. उरला तो एक. पातळ, पांढरा, वहीसारखा. दिशाही प्रवासात तोच न्यायची. त्यात चित्र उमटवणारं जे कार्ड असतं, ते चांगल्यातलं होतं, असं तिने दहा ठिकाणी वाचलं होतं.

"म्हणजे कागदावर पसंत हाय," दादू म्हणाला.

"आबा, कागदावरच बघतात हो आता."

दादू खिडकीबाहेर बघत राहिला. कागदावर पसंत पडलेलं एक इंजिन त्याला आठवत होतं.

तीस एक वर्षं झाली असतील. तो आणि त्याचा थोरला भाऊ, आप्पा, दोघांनी मिळून एक जुनं इंजिन घेतलं होतं, पसंत दादूने केलेलं. इंजिनावर पत्र्याची पाटी होती. विकणाऱ्याने ती मोठ्याने वाचून दाखवली, बोटीचंच इंजिन आहे म्हणाला, आणि दहा मिनिटं चालवून दाखवलं. आवाज असा की ऐकत राहावा. पुढे समुद्रात दोन तास गेल्यावर, जाळं भरून ओढायच्या वेळी, ते तापून बसलं. बोट जाळ्यासकट वाहत गेली आणि दुसऱ्या बोटीने ओढून आणली तेव्हा संध्याकाळ झाली होती. नंतर एका शिकलेल्या माणसाने पाटी वाचली. जमिनीवरच्या जनरेटरचं इंजिन होतं ते. पाटी खरं बोलत होती, वाचणारा खोटं बोलला होता. आप्पाने त्या गोष्टीचा मरेपर्यंत एकदाही टोमणा मारला नाही. दादूच्या मनात तेच जास्त राहिलं.

तेव्हापासून त्याने दोन गोष्टी सोडल्या नाहीत. पाटी वाचल्याशिवाय घ्यायचं नाही, मग ती वाचायला चार माणसांचे पाय धरावे लागले तरी चालेल. आणि ओझं घालून तासभर चालवल्याशिवाय घ्यायचं नाही. दहा मिनिटं काय, कुठलंही इंजिन चालतं.

दुकान मारुती मंदिरापासून थोडं आत होतं. पूर्वी ते पाण्याच्या पंपांचं दुकान होतं. आता हेतल तिथे कॉम्प्युटर विकायची. तिच्या वडिलांच्या वेळी दादू तिथून पंप न्यायचा आणि नेण्याआधी मागच्या विहिरीवर चालवून, बादली भरायला किती वेळ लागतो ते बघायचा. हेतलने त्याला ओळखलं ते बादलीवरूनच.

"मिस्त्री, आज बादली नाही आणली?" तिने विचारलं.

"आज चिंधी आणलीय," दादू म्हणाला आणि ती काढून दाखवली.

आरोहीने कागदावरचं नाव सांगितलं. हेतलने पांढरा लॅपटॉप पुढे ठेवला. खरोखर देखणा होता. आरोहीने झाकण उघडलं, बोटं कळांवर ठेवली, आणि तिचा चेहरा असा उजळला की दादूला वाटलं, कशाला आता तासभर थांबायचं, घ्यावा आणि निघावं. पण शेजारी आणखी एक काळा, जाड लॅपटॉप मांडलेला होता, विटेसारखा. कागदावर काट मारलेल्यांतला. दादूने दोन्ही हातांत घेऊन तोलले आणि विचारलं, ह्यात आणि त्यात कार्ड निराळं आहे काय? हेतल म्हणाली, नाही, दोन्हींत एकच.

"मग हा एवढा जड कशाला?"

आरोही म्हणाली, "जुन्या पद्धतीचा आहे आबा. दिसायला बघा ना कसा."

हेतल काही बोलणार होती, तेवढ्यात दादूने विचारलं की दोन्ही तासभर चालवून बघता येतील काय. आणि इथे एसीखाली नको, बाहेर व्हरांड्यात. आमच्या घरात एसी नाही. ऑक्टोबरचं ऊन होतं, व्हरांड्यात अंगाची नुसती चिकचिक होत होती. दुसरी कोणी असती तर तिने हात जोडले असते. हेतलने क्षणभर त्याच्याकडे बघितलं, मग स्वतः टेबल बाहेर ओढलं आणि लांब वायर आणून दोन्ही यंत्रं जोडून दिली.

"पपा असते तर खूश झाले असते," ती म्हणाली. "तुम्ही गेल्यावर ते म्हणायचे, या माणसाने नेलेला पंप कधी परत येत नाही."

खेळातच चाचणीचा एक देखावा असतो, तो आपोआप फिरून फिरून चालतो. जळतं गाव, धूर, पाऊस, धावणारी माणसं, सगळं एकदम, म्हणजे यंत्राचा जीव काढायला. आरोहीने दोन्हींवर तोच लावला. कोपऱ्यात एक आकडा दिसायचा. तो जितका मोठा तितकं चित्र सरळ चालतं, तो उतरला की चित्र अडखळतं, असं तिने सांगितलं. सुरुवातीला दोन्हींचा आकडा एकशेवीसच्या आसपास होता. पांढऱ्याचा तर दोनने जास्तच.

दादूने हात पुसला. आधी जाड्याच्या पाठीमागे धरला आणि झटकन मागे घेतला. पाठीच्या फटींतून गरम वारा भसाभसा येत होता, भट्टीच्या तोंडाशी येतो तसा. शिवाय पंख्याचा आवाजही मोठा. मग पांढऱ्याच्या पाठीशी हात धरला. तिथे वारा मंद, कोमट.

"हा नको," तो जाड्याकडे बोट करून म्हणाला. "आताच एवढा तापतोय. तुझाच बरा हाय गो."

आरोहीने सुटकेचा श्वास टाकला. हेतल दादूकडे जरा नवलाने बघत राहिली. ती काही सांगणार असं दिसत होतं, पण आरोही पेटीचं विचारायला लागली, म्हणून ती आत पांढऱ्याची पेटी आणायला गेली.

यंत्रं चालूच होती. दादूला सवय, चालू इंजिनाजवळून उठताना एकदा हात लावायचाच. त्याने चिंधीला हात पुसला आणि पांढऱ्याच्या कळांवर टेकवला. कळा तापल्या होत्या. बाजूला पत्रा होता, तो त्याहून तापलेला. त्याने पुन्हा पाठीशी हात धरला. वारा तसाच, कोमट.

तो तिथेच थांबला. बोटीच्या इंजिनाला समुद्राचं पाणी फिरवून गार ठेवतात. ते पाणी बोटीच्या कडेने बाहेर पडत असतं. ते गरम पडत असेल तर मिस्त्री निश्चिंत असतो, कारण ताप पाण्याबरोबर बाहेर चाललेला आहे. भीती वाटायची ती पाणी बारीक झालं आणि इंजिनाचं अंग तापलं की. पोरगा असल्यापासून तो हे बघत आला होता, आणि आज दुकानात तेच उलटं धरून बसला होता.

जाड्याच्या कळांवर हात ठेवला. कोमट. पाठीला भट्टी.

"आरोही," तो म्हणाला, "माजं चुकलं. पेटी नको म्हणून सांग. अजून अर्धा तास बगू."

आरोहीचा चेहरा उतरला. "आबा, आत्ताच तर बरा म्हणालात."

"म्हणालो. याचं पाणी बाहेर पडत नाय."

मग त्याने दोन्हींचे चार्जर उलटे केले. चार्जरच्या पोटाला बारीक अक्षरांची चिठ्ठी असते, ती कोणी बघत नाही. दादूने चष्मा चढवला आणि ओठ हलवत वाचायला घेतलं. हे त्याचं पाटी वाचणं होतं. तीस वर्षांपूर्वी ज्यासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागलं, ते तो आता व्हरांड्यात उकिडवा बसून एकेक अक्षर जोडत करत होता. बरीचशी अक्षरं त्याच्या ओळखीची नव्हती. पांढऱ्याच्या चार्जरवर एका जागी आकडा होता, एकशेवीस, आणि पुढे उताणा पडलेला एम. जाड्याच्या चार्जरवर दोनशेतीस, पुढे तसाच उताणा एम.

"हे वॅट ना गो?" त्याने विचारलं.

आरोही खाली वाकली. तिने चिठ्ठी वाचली, मग दुसरी वाचली. तिच्या कागदावर कार्डाचं नाव होतं, पडद्याची लांबी होती, वजन होतं. हा आकडा नव्हता.

हेतल पेटी घेऊन बाहेर आली होती. तिने पेटी खाली ठेवली आणि सांगितलं की मिस्त्री बरोबर बोलतायत. कार्डाचं नाव दोन्हींत एकच. पण पातळ अंगात तेवढा ताप मावत नाही, म्हणून बनवणारे त्याला वीजच कमी देतात. पहिली काही मिनिटं तो जोरात पळतो, मग स्वतःला आवरतो. कॉलेजला, प्रवासाला नेणाऱ्याला तो छान आहे, ती म्हणाली, पण सलग तीन तास असला खेळ खेळायचा तर नाही.

हे तिने न सांगता चाललं असतं. पांढरा महाग होता. दादूने तिच्याकडे बघून नुसती मान हलवली, तिच्या वडिलांकडे बघून हलवायचा तशी.

आरोही ऐकून घेत होती, पण तिची नजर पांढऱ्यावरच होती. दादूला ते दिसलं. तिला ओढून दुसरीकडे वळवणं त्याला जमलं असतं, पैसे त्याचेच होते. तो म्हणाला, "खेळणार तू. बस, खेळून बग. तू सांगशील तो घेऊ."

ती पांढऱ्यासमोर बसली आणि खरोखरचा खेळ सुरू केला. आकडा तोवर एकशेवीसवरून ऐंशीवर आला होता. तरी तिचा हात छान चालत होता, दादूला खेळातलं कळत नसलं तरी चालणारा हात कळत होता. वीस मिनिटं गेली असतील. पडद्यावर एकदम धूर झाला, दोन माणसं धावून आली, आणि आकडा पन्नासच्या खाली घसरला. चित्र एकदा अडखळलं. पुन्हा अडखळलं. आरोहीचे खांदे वर गेले, पहिल्या चाचणीत गेले असतील तसे. पडद्यावर ती मेली.

तिने कळांवरून हात काढले आणि तळवे ओढणीला पुसले. शेजारी जाड्या गुरगुरत होता, त्याचा आकडा एकशेअठरा.

"हा नको, आबा," ती म्हणाली. "तो विटेसारखाच घेऊ."

दादूने चिंधी घडी करून खिशात ठेवली.

शनिवारी त्याने जुन्या होडीच्या फळीतून दोन पट्ट्या कापल्या, घासून गुळगुळीत केल्या, आणि लॅपटॉप त्यांच्यावर ठेवला, म्हणजे खालून वारा घेता येईल. समीक्षाने नव्या यंत्राची पूजा करायची म्हणून हळदकुंकू आणि अक्षता आणल्या होत्या. दादूने सांगितलं, हळदकुंकू पेटीला लाव, अक्षता चार्जरवर टाक, यंत्रावर एक दाणाही नको, पंख्यात जाईल. समीक्षा म्हणाली, पेटीची पूजा ती पहिल्यांदाच करतेय. आणि तिने ती नीट केली, नारळसुद्धा फोडला, अंगणात, लांब.

रविवारी अकराला खेळ सुरू झाला. आरोहीच्या कानांवर मोठे हेडफोन, त्यामुळे ती काय ऐकते ते कोणाला कळत नव्हतं. तिचं बोलणं तेवढं ऐकू यायचं, तुटक, उजवीकडे आहे, दोघी आहेत, मी बघते. समीक्षा स्वयंपाकघरातून मध्ये मध्ये डोकावत होती. दादू स्टूल घेऊन यंत्राच्या पाठीमागे बसला. पडदा त्याच्या बाजूला नव्हता. त्याला तो नकोच होता. त्याचा हात पाठीच्या फटींपासून वीतभर लांब, वाऱ्यात.

पहिला तास गेला. वारा गरम. दुसरा गेला. तसाच गरम. दुसऱ्या तासाच्या शेवटी आरोहीच्या संघाने एक डाव गमावला, तिच्या बोलण्यावरून तेवढं कळलं. तिसरा तास लागला तेव्हा दादूने चिंधीने हात पुसला, कारण घाम यंत्राचा नव्हता, त्याचा होता. त्याला आप्पा आठवला. बोट वाहत चालली होती तेव्हा आप्पाने बिडी पेटवून अर्धी त्याला दिली होती आणि म्हणाला होता, बस, येईल कोणीतरी. एवढंच.

वारा येत राहिला. एकाच जोराने, गरम, न तुटता.

पावणेदोनच्या सुमाराला आरोहीने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. तिचे कान लाल झाले होते. समीक्षा दारात येऊन उभी राहिली, हातात पळी. काही मिनिटांनी मोबाईल वाजला. आरोहीने तो बघितला, आणि मग यंत्राच्या वरून हात लांब करून आजोबाच्या हातात दिला.

"तुम्ही वाचा," ती म्हणाली.

दादूने चष्मा चढवला. दिशाने मराठीत लिहिलं होतं. तो एकेक शब्द लावत मोठ्याने वाचत गेला, आणि घरात कोणीही त्याला मध्येच शब्द पुरवला नाही.

"आरोही, तू आमच्यात आलीस. उद्या सात वाजता सराव. शेवटच्या डावात तू नसतीस तर गेलो होतो. नवं मशीन ज्यांनी निवडलं, त्यांना आमचा नमस्कार सांग."

शेवटच्या ओळीवर तो थांबला. ती त्याने परत एकदा वाचली, मनात. मग मोबाईल परत दिला आणि म्हणाला, "ह्येतलला सांगितला पायजे हा नमस्कार. अर्धा तिचा हाय."

आरोही हसली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. तिने झाकण मिटायला हात पुढे केला तसा दादूने तो अडवला.

"लगेच बंद नको करू गो. तापलंय. जरा वेळ रिकामं चालू दे, मग."

इंजिनालाही तो असाच वेळ द्यायचा, बोट धक्क्याला लागली तरी. आरोहीने खेळ मिटवला आणि यंत्र नुसतं चालू ठेवलं. समीक्षा ताटं घ्यायला आत गेली. दादू स्टुलावरून हलला नाही. त्याच्या तळव्यावरचा वारा हळूहळू कोमट होत गेला, मग गार, आणि पंख्याचा आवाज इतका उतरला की मागच्या अंगणातून समुद्र ऐकू यायला लागला.